पायाचा मोबदला

मिलब्रुक कॉलेज, आयोवा
१८ नोव्हेंबर २०२५

ती. आबांस,
धम्मदीपचा सविनय जय भीम. वि. वि.

तुमच्या कानातलं मशीन फोनवर शिट्टी मारतं आणि माझं निम्मं बोलणं वाया जातं, म्हणून हे पत्र. कागदावर लिहून त्याचा फोटो ताईला पाठवतोय. ती स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याकडून मोठ्या अक्षरात छापून आणेल. तुम्हीही असंच लिहा आणि तिच्याकडे द्या.

आबा, बातमी मोठी आहे. अक्षर वाकडं आलं तर हसू नका.

मी इथे शिष्यवृत्तीवर गणित शिकायला आलो आणि संध्याकाळी आपला गोल चेंडूचा फुटबॉल खेळत होतो, हे तुम्हाला माहीत आहेच. लोणावळ्याच्या पुढे डोंगरावरच्या ज्या शाळेत आई स्वयंपाक करते, तिथे शिकलो तोच खेळ. पण इकडे फुटबॉल म्हणतात तो प्रकारच निराळा. चेंडू सोललेल्या नारळासारखा लांबट, गडी हेल्मेट घालून एकमेकांवर आदळतात, आणि चेंडू सगळा वेळ हातात! फक्त एका माणसाचं काम पायाचं. त्याला किकर म्हणतात. मैदानाच्या टोकाला दोन उंच पिवळे खांब असतात, त्यांच्यामध्ये दहा फुटांवर आडवी दांडी. एक गडी चेंडू जमिनीवर उभा धरतो, किकरने पळत येऊन लाथ मारायची. चेंडू दांडीवरून, दोन खांबांच्या मधून गेला की तीन गुण. मग किकर परत बाकावर.

सप्टेंबरात आमच्या कॉलेजच्या किकरचा गुडघा गेला. त्यांचे कोच आमच्या मैदानावर आले आणि तुमच्यात सगळ्यात लांब कोण मारतं म्हणून विचारू लागले. सगळ्यांनी माझ्याकडे बोट केलं.

गेल्या शनिवारी हंगामातला शेवटचा सामना होता. आम्ही दोन गुणांनी मागे, घड्याळात चार सेकंद. खांब बावन्न मीटर लांब. कोच माझ्याकडे बघायलाही तयार नव्हते, मीच जाऊन उभा राहिलो. आबा, पाय लागला तेव्हाच कळलं. चेंडू दांडीवरून हातभर वर गेला. पोरांनी मला उचललं, पाडलं, परत उचललं. बूट गेला तो अजून सापडलेला नाही.

त्याचा व्हिडिओ तीस लाख लोकांनी पाहिलाय. कालपासून सहा मोठ्या विद्यापीठांच्या कोचनी फोन केले. त्यांच्या एकेका मैदानात सत्तर-ऐंशी हजार माणसं बसतात. आपलं अख्खं तळेगाव बसवलं तरी खुर्च्या उरतील.

आजीला, आईबाबांना जय भीम सांगा. माया आहे तशीच राहू द्या, आणि मशीनचा सेल बदला.

आपला,
धम्मदीप

*

तळेगाव दाभाडे
२३ नोव्हेंबर २०२५

चि. धम्मदीप यास,
आबाचे अनेक आशीर्वाद व जय भीम. वि. वि.

तुजं पत्र तीन डाव वाचलं. तुज्या आजीला, आक्काबाईला, वाचून दाखवलं, मग ती म्हणली पुन्यांदा वाचा, म्हणून चौथ्यांदा. तिचं म्हणनं, त्या बुटाचं काय झालं ते लिव. थंडीचा एका पायानं फिरतोस काय म्हणून काळजीत हाय.

बावन मीटर म्हंजी किती ते मला कुनी सांगायला नगं. चौतीस वर्सं खंडाळ्याच्या घाटात रूळ तपासत चाललोय. रेल्वेच्या दोन खांबांमदी तेवडंच अंतर असतंय, वळनावर जरा कमी. काल मुद्दाम आक्काबाईला घेऊन स्टेशनाबाहेरच्या रस्त्यावर गेलो अन् कुंपनाबाहेरून दाखवलं की हितनं तितवर पोरानं लाथेनं चेंडू धाडला. ती म्हणली खोटं. म्हणलं पोरगं मोजून लिवतंय. तितं एक पोलीस हुता, त्यानं इचारलं म्हातारं हितं काय मोजतंय. त्यालापन व्हिडिओ दाखवला. त्यानं सलाम ठोकला.

तुज्या बापानं, कैलासनं, फॅक्टरीत रात्रपाळीच्या सगळ्या शिफ्टला पेढं वाटलं. यशोधरेनं शाळेत गोड शिरा केला. तुजी ताई अनघा लय शाणी, ती हसली अन् म्हणली की मोठी विद्यापीठं फोन करतात ती उगाच न्हाई, काय देतात काय घेतात ते नीट इचार. ती कंत्राटी कामगारांचं कागद बगती, तिला सवय हाय.

पायाला तेल लाव. अभ्यास सोडू नगं. हिकडं सगळी खुशाल, तुजीच वाट बगतात.

तुजा,
आबा (सखाराम ओव्हाळ)

*

मिलब्रुक, आयोवा
५ जानेवारी २०२६

ती. आबांस,
सविनय जय भीम. वि. वि.

बूट सापडला. आजीला सांगा, वाद्यवाल्या पोरांच्या ढोलात होता.

आता पुढचं. खेळाडूला कॉलेज बदलायचं असेल तर दोन ते सोळा जानेवारीच्या आत नाव नोंदवावं लागतं. मी नोंदवलं. एका दिवसात चाळीस निरोप आले! दोन ठिकाणी जाऊन पाहून आलो. एक हॅलोवे स्टेट आणि दुसरं पूर्वेकडचं व्हिटमोर विद्यापीठ. हॅलोवेने मला विमानतळावर घ्यायला इतकी लांब गाडी पाठवली की ती आपल्या गल्लीत वळलीच नसती. कपडे बदलायच्या खोलीत माझं नाव लिहिलेलं कपाट तयार होतं, आणि मैदानाच्या पाटीवर माझा फोटो माझ्याहून वीसपट मोठा.

पण ताईने विचारायला सांगितलं होतं ते विचारलं, आणि एक गोष्ट कळली, ती तुम्हाला सांगितल्यावाचून राहवत नाही.

पूर्वी इथे कॉलेजच्या खेळाडूंना खेळाबद्दल पैसे घ्यायला बंदी होती. विद्यापीठं तिकिटांवर आणि टीव्हीवर अमाप कमवायची, पोरांना फी आणि जेवण. पोरं कोर्टात गेली. गेल्या वर्षीपासून मोठ्या विद्यापीठांना आपल्या खेळाडूंना थेट पैसे देता येतात. एका विद्यापीठाने वर्षाला एकूण किती वाटायचे त्याला मर्यादा आहे, आपल्या हिशेबात सुमारे एकशेऐंशी कोटी रुपये. त्यात फुटबॉलचा वाटा सगळ्यात मोठा. त्यामुळे भरतीची रीतच बदलली. पूर्वी कोच पोरांना मैदान दाखवायचे, आता आकडा दाखवतात. माझ्याच वयाचा एक पोरगा माझ्यासमोर आकडा ऐकून चक्कर येऊन खाली बसला.

मला मात्र आकडा नाही. मी विद्यार्थ्याच्या व्हिसावर आहे, आणि त्या व्हिसावर असं काम करून पैसे घेता येत नाहीत. घेतले तर परत पाठवतील. म्हणजे आबा, त्याच संघात, त्याच मैदानावर बाकीच्यांना पगार आणि मी शिष्यवृत्तीवर.

व्हिटमोरच्या कोच डेलनींनी तर तोंडावर सांगितलं. म्हणाले, तू चांगला मारतोस म्हणून हवा आहेसच, पण तुला पैसे द्यावे लागत नाहीत हेही एक कारण आहे. किकरचे वाचलेले पैसे मी दुसऱ्या खेळाडूवर लावू शकतो. दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं. मला आधी राग आला, मग गंमत वाटली, आता काय वाटतंय ते कळत नाही. एवढं खरं की ते मैदान पाहिल्यापासून झोपेतसुद्धा पाय हलतोय.

तुमचा शब्द ऐकल्याशिवाय सही करणार नाही. सर्वांवर असाच लोभ ठेवून मला लवकर लिहा, मुदत थोडी आहे.

आपला,
धम्मदीप

*

तळेगाव दाभाडे
७ जानेवारी २०२६

चि. धम्मदीप यास,
आशीर्वाद व जय भीम.

पत्र वाचलं. जेवन ग्येलं न्हाई.

तुला ठाव न्हाई म्हणून सांगतो. माजा बाप सुदुंबऱ्यात येसकर हुता. गावाचा सांगावा घेऊन रात्री-बेरात्री कुटंबी पळायचं, मेलेलं जनावर वढायचं, सायबाचं घोडं धरायचं. पगार? दारातनं टाकलेली शिळी भाकर. त्याला हक्क म्हणायचे. मी सा वर्साचा व्हतो तवा वस्तीनं बुद्धाला वंदन केलं अन् ठरवलं की आजपासून मोबदला ठरल्याबिगर कुनाच्या कामाला हात लावायचा न्हाई. लय तरास काडला. गावानं दुकानं बंद केली, वाटा बंद केल्या. सा मैने बाप तळेगावात हमाली करून रोज चार कोस चालत यायचा. पर फुकट राबला न्हाई. मी रेलवेत लागलो तवा पयल्या पगाराची चिठ्ठी त्यानं उलटीपालटी करून बगितली. वाचता येत नव्हतं, तरी बगितली.

अन् आता तू म्हंतोस सगळ्यांस्नी पगार अन् मला न्हाई, अन् त्यो कोच म्हंतो फुकट हाय म्हणून पायजे. माज्या डोस्क्यात ही गोष्ट शिरत न्हाई. तू लय मोटा हो, ऐंशी हजार माणसं टाळ्या वाजवूंद्यात. टाळ्या येसकरालाबी कोनी वाजवल्या असत्या, त्येला पैशे पडत न्हाईत.

अनघा म्हणती आबा, कायद्यानं त्याला घेताच येत न्हाईत, ही येगळी गोष्ट हाय. असंल. मग पैशे न्हाई तर दुसरं काय देतो ते इचार. अन् तोंडानं सांगितलेलं धरू नगं. लिवून घे.

रागानं लिवलंय, पर तुज्यावर राग न्हाई. तू आमच्या जिवाचा हायेस.

तुजा,
आबा

*

तळेगाव दाभाडे
११ जानेवारी २०२६

प्रिय धम्मा,
सप्रेम जय भीम.

आज आपल्याकडे जे झालं ते फोनवर सांगण्यासारखं नाही, म्हणून मीही कागद घेतला.

सकाळी दारात एक पांढरी गाडी उभी राहिली. पुण्याहून अतुल नावाचे एक गृहस्थ आले, इस्त्रीचा शर्ट, हातात लोणावळ्याच्या चिक्कीचे दोन मोठे डबे. इथल्या माणसाला चिक्की आणणारा हा पहिलाच! आजीने डबे घेतले आणि आत येऊन मला म्हणाली की हा बाहेरचा आहे. ते म्हणाले, न्यू जर्सीत सुहास म्हणून आमचे साहेब आहेत, हॅलोवे स्टेटच्या श्रीमंत पाठीराख्यांसाठी खेळाडू आणून देतात. धम्मदीपला तिकडे पैसे घेता येत नाहीत, म्हणून साहेबांनी वाट काढली आहे. पैसे इकडे द्यायचे, आबांना.

मग त्यांनी कागद काढला. श्री. सखाराम ओव्हाळ यांची क्रीडा सल्लागार म्हणून नेमणूक, महिना दीड लाख, वर्षाचे अठरा लाख. धम्मा, मी खोटं सांगणार नाही. बाबांनी तो आकडा दोनदा वाचला आणि चष्मा पुसून तिसऱ्यांदा. आई ओट्याला टेकून उभी राहिली. माझ्याही मनात एका मिनिटात काय काय येऊन गेलं.

आबांनी विचारलं, मला काम काय करायचं? अतुल म्हणाले, काहीच नाही, इथे फक्त सही करा. आबांना वाटलं मशीनमुळे नीट ऐकू आलं नाही. त्यांनी परत विचारलं. अतुल मोठ्याने म्हणाले, काही नाही हो, घरी आराम करा! तोवर मी कागद वाचत होते. चौथ्या पानावर होतं की धम्मदीपने हॅलोवे सोडल्यास किंवा संघात न राहिल्यास सल्लागाराने सगळी रक्कम परत करायची. म्हणजे तुझा पाय मोडला तर अठरा लाख आबांच्या डोक्यावर. मी ते वाचून दाखवलं. शिवाय हे उघडकीला आलं तर व्हिसाचं काय, म्हणून विचारलं. अतुल म्हणाले की असं कोण बघायला येतंय.

मला वाटलं आबा भडकतील. ते शांतपणे उठले, अतुलना पाणी दिलं आणि म्हणाले की परवा मी नातवाला लिहिलं, मोबदल्याबिगर राबू नगं. पण हे त्याहून वाईट आहे. काम त्याचं, सही माझी. म्हणजे कागदावर माझा नातू फुकट राबला आणि मी न केलेल्या कामाचा पगार घेतला. दोघंही खोटे. मग त्यांनी कागद घडी घालून परत दिला. चिक्कीचे डबे परत द्यायला ते विसरले, तेवढे आजीने आठवणीने गाडीत ठेवले.

अतुल गेल्यावर बाबा म्हणाले, बरं झालं. आईने चहा टाकला.

आता माझं ऐक. आबांचा राग व्हिटमोरच्या कोचवर होता, तो उतरलाय. आज जेवताना म्हणाले की त्यो माणूस निदान खरं बोलला. तू जा आणि त्यांच्याकडून चार गोष्टी लेखी माग. शिक्षण पुरं होईपर्यंत शिष्यवृत्ती, खेळलास तरी आणि नाही खेळलास तरी. पुढचं एम.एस. दुखापतीचा खर्च. आणि कोच बदलला तरी कागद बदलायचा नाही. मागायला लाजू नकोस. त्यांना तू हवा आहेस, हे विसरू नकोस.

तुझी काळजी करणारी आणि तरी आज फार खूश असलेली,
अनघाताई

*

मिलब्रुक, आयोवा
१५ जानेवारी २०२६

ती. आबा आणि ताई,
दोघांनाही एकाच कागदावर जय भीम, वेगळं लिहिण्याइतका धीर नाही!

लिहून घेतलं. सही झाली. मी व्हिटमोरचा झालो!

आधी हॅलोवेच्या कोचना फोन केला आणि सुहास यांचा कागद तुमच्या माहितीत आहे का म्हणून विचारलं. ते म्हणाले, पैशाचं मी बघत नाही, सुहासशी बोल. सुहासना सांगितलं की आबांनी नाही म्हटलं. ते हसले आणि म्हणाले की वीस वर्षांच्या पोराचं करिअर एक म्हातारा ठरवतो का? मी म्हटलं, हो, आमच्याकडे ठरवतो. आणि फोन ठेवला.

मग डेलनींना फोन केला. ताईच्या चारही गोष्टी वाचून दाखवल्या. मला वाटलं गेलं हातातून. मग ते म्हणाले की गेल्या महिन्याभरात मी साठ पोरांशी बोललो, सगळ्यांनी आकडा विचारला, एम.एस. मागणारा तू पहिला. त्यांनी विद्यापीठाच्या वकीलबाईंना जोडून घेतलं. दोन दिवस कागद इकडून तिकडे. काल रात्रीच्या जेवणाआधी पक्का मसुदा आला. बी.एस. आणि त्यापुढे दोन वर्षं एम.एस., फी, राहणं, जेवण, पुस्तकं, सगळं. खेळात दुखापत झाली तर उपचार त्यांचे. मी एकही सामना खेळलो नाही तरी हे चालू राहणार. कोच बदलला तरी चालू राहणार. ताई, तुझं चौथं कलम त्यांनी शब्दन् शब्द घेतलं.

वकीलबाई आणखी एक म्हणाल्या. सुट्टीत भारतात येऊन, भारतातल्या कुणासाठी भारतातच काम केलं आणि त्याचे पैसे तिथेच घेतले, तर तो प्रश्न वेगळा आहे. पण प्रत्येक वेळी कागद आधी आम्हाला दाखवायचा, नंतर नाही. मी म्हटलं, आमच्या घरी कागद दाखवल्याशिवाय चहासुद्धा मिळत नाही.

आबा, तुम्ही रागावून लिहिलं ते पत्र मी खिशात घालून फोन करत होतो. ते वाचलं नसतं तर मी डेलनींच्या पहिल्या शब्दाला हो म्हणून मोकळा झालो असतो, एवढं ते मैदान मला आवडलंय.

मे महिन्यात येतो. आजीला सांगा, पन्नास भाकरींची तयारी ठेव. तुमच्या सर्वांच्या मायेचा,

धम्मदीप

*

व्हिटमोर विद्यापीठ
९ ऑगस्ट २०२६

प्रिय ताई,
सप्रेम जय भीम.

सुखरूप पोचलो, सराव सुरू झाला. लोणावळ्यात जूनमध्ये भारतातल्याच एका बूट कंपनीसाठी केलेल्या जाहिरातीचे पैसे तिकडच्या खात्यात कर कापून जमा झाले का ते बघ. त्या दिवशी धुक्यात चेंडू दिसेना म्हणून एकोणीस वेळा मारायला लावला होता, एकेक किक मेहनतीची आहे! पावतीची प्रत वकीलबाईंना हवी आहे.

आता पुढचं आबांना आत्ता वाचून दाखवू नकोस. नव्या नियमांत फुटबॉलच्या संघात एकशेपाचच पोरं ठेवता येतात. पूर्वी पगार आणि शिष्यवृत्ती नसलेलीही पुष्कळ पोरं हौसेने असायची. मी आलो आणि टायलर नावाच्या किकरची जागा गेली. तो इथल्याच गावचा, त्याचे वडील याच संघात होते. काल तो सामान न्यायला आला होता. मी त्याची एक पेटी उचलू लागलो. तोच म्हणाला की या मैदानावर दुपारी डावीकडून वारा येतो, झेंड्याकडे बघू नकोस, गवताकडे बघ. आणि गेला. रात्रभर तेच डोक्यात होतं. आज सकाळी त्याला फोन केला, शनिवारी तो माझ्यासोबत सरावाला येतोय, बाहेरच्या मैदानावर.

पहिला सामना पाच सप्टेंबरला संध्याकाळी, म्हणजे तुमच्याकडे रविवारी पहाटे पाचला. भीती आहेच. पण ताई, काय सांगू, रिकामं मैदानसुद्धा गुणगुणतं!

तुझाच,
धम्मा

*

तळेगाव दाभाडे
६ सप्टेंबर २०२६, सकाळचे नऊ

चि. धम्मदीप यास,
आबाचे, आक्काबाईचे अन् सगळ्या वस्तीचे आशीर्वाद!

आरं जिकलास की रं! लगीच लिवाया बसलोय.

पाटे साडेचारला उटलो. वस्तीतल्या निलेशनं विहाराच्या हॉलात पडदा लावला हुता. मला वाटलं पाच-धा जन येतील. धम्मा, शंभराच्या वर माणसं! बाया पोरं घेऊन, फॅक्टरीतनं सुटलेली पोरं तशीच युनिफॉर्मवर. सुदुंबऱ्यासनं हौशीराम पाटील आले, नात राजेश्वरीला घेऊन. ती पोरगी फुटबॉल खेळती, तिनं सगळ्यांस्नी नियम समजून सांगितलं. कोनालाच काय कळलं न्हाई.

तू पयल्यांदा दिसलास तवा आक्काबाई उभी ऱ्हायली अन् पडद्याजवळ जाऊन तुज्या तोंडावरनं हात फिरवला. मागनं पोरं वरडली आजी, बाजूला व्हा. तू दोनदा मारलास, दोन्ही डाव तुजी मंडळी हात वर करून नाचली. मग लय वेळ ती हेल्मेटवाली एकमेकांच्या अंगावर पडत ऱ्हायली. यशोधरेनं तेवड्यात सगळ्यांस्नी पोहे दिले.

अन् शेवटी तू परत आलास. राजेश्वरी म्हणली आता हेच्यावर सगळं हाय. तू मागं तीन पावलं ग्येलास. पाय मारलास. अन् चेंडू असा वर ग्येला, असा वर ग्येला, खांबांच्याबी वर! आरं आमी काय वरडलो! पोरांनी ढोल आनलं हुतं ते वाजवायला घेतलं. राजेश्वरी हात हलवून कायतरी सांगत हुती, पर त्या आवाजात कोन ऐकतंय! हौशीराम पाटलानं मला उराशी धरलं. कैलास रडाया लागला. माजा बाप असता तर, असं एकदाच मनात आलं. अनघा तेवडी तोंडावर हात धरून बसली हुती, तिला आनंद झेपला न्हाई.

आता साखर आनाया चाललोय. जिकलेल्या पोराला अजून काय लिवू. तुज्यावरनं जीव ओवाळून टाकतो.

तुजा,
आबा

(धम्मा, आबांना अजून सांगितलेलं नाही. कुणालाच नाही. ढोल थांबेनात. मी काय करू? — अनघा)

*

व्हिटमोर विद्यापीठ
७ सप्टेंबर २०२६

ती. आबांस,
सविनय जय भीम. वि. वि.

ताईने एव्हाना सांगितलं असेल. नसेल तर मी सांगतो. शेवटचा चेंडू डाव्या खांबाच्या बाहेरून गेला. आम्ही एका गुणाने हरलो.

हरल्यावर मी दोन तास कपाटासमोर बसून होतो. बाहेर लोक काय ओरडत होते ते लिहिण्यासारखं नाही. फोनवर अनोळखी माणसांचे चारशे निरोप. काहींनी पैजा लावल्या होत्या. फुकटचा माणूस आणला तर असंच होणार, असंही एकाने लिहिलं होतं. तेवढ्यात तुमचा कागद आला. आबा, मी वाचत गेलो आणि ढोलाशी आल्यावर जोरात हसलो. शेजारच्या पोराला वाटलं माझं डोकं फिरलं. त्याला मी सगळं इंग्रजीत वाचून दाखवलं. मग त्याने पलीकडच्याला बोलावलं. शेवटी दहा-बारा आडदांड गडी माझ्याभोवती, आणि मी त्यांना सांगतोय की तळेगावात आपण जिंकलोय, साखर वाटली. डेलनी दारात उभे राहून ऐकत होते.

मी त्यांना म्हणालो की माझी जागा जाणार असेल तर आजच सांगा. ते म्हणाले, तुझी शिष्यवृत्ती माझ्या रागावर चालत नाही, तूच तसं लिहून घेतलंस. मंगळवारी तीन वाजता मैदानावर ये. टायलरचाही निरोप आला. त्याने फक्त वाऱ्याची दिशा लिहिली होती.

आबा, वस्तीला खरं सांगा. मला वाईट वाटणार नाही. आजीला सांगा, पडद्यावरचा हात मला पोचला. सगळ्यांचा, हरलो तरी तुमचाच,

धम्मदीप

*

तळेगाव दाभाडे
९ सप्टेंबर २०२६

चि. धम्मदीप यास,
आशीर्वाद व जय भीम. वि. वि.

अनघानं परवा सांगितलं. मी तिला म्हणलं खोटं बोलू नगंस. मग तिनं मोबाइलवर सावकाश करून दाखवलं. चेंडू खांबाच्या भाईर, वीतभर. मी तिला पुन्यांदा लावायला सांगितलं. मग मला वाटलं, एवड्या लोकांफुडं चुकला अन् तरीबी त्याचं शिक्षन कुनाला काडता येत न्हाई, त्याचं जेवन कुनाला तोडता येत न्हाई. माज्या बापाला हे सांगितलं असतं तर त्यानं इस्वास ठेवला नसता. मला लय बरं वाटलं, धम्मा. जिकला असतास तर एवडं बरं वाटलं असतं का न्हाई, सांगता येत न्हाई.

काल संध्याकाळी विहारात सगळ्यांस्नी जमवून खरं काय ते सांगितलं. म्हणलं, मंडळी, आपन हरलो हुतो, उगा ढोल बडवलं. मग हसू लागले ते थांबनात. हौशीराम पाटील म्हणले साखर परत मागू नका. मी सगळ्यांस्नी बजावलं की आता येत्या रयवारी चेंडू दोन खांबांच्या मधून ग्येला तरच वरडायचं, राजेश्वरीनं हात वर केल्याबिगर कोनी उटायचं न्हाई.

वस्ती म्हणली, आबा, ते तुमी तुमच्यापुरतं बगा. आमी वरडनारच.

तवा तू पाय मार. हिकडचं आमी बगतो.

तुज्यावर जीव लावून बसलेला,
आबा